खांद्यावरचं दुपटं : दूध काढणाऱ्या बाळाची घरची काळजी

मुलगी २३ दिवसांची होती. जानेवारीतली रात्र, नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात फरशीवर पाय ठेववत नव्हता. दीडच्या सुमारास ती पोटभर प्यायली, मी खांद्यावर घेतली आणि भळकन दूध आलं. तोंडातून आलं, नाकातूनही आलं. माझा स्वेटर, तिचं झबलं, चादर, सगळं भिजलं. मी रिक्षा शोधायला खाली पळालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं, कपडे काढून वजन केलं आणि मला विचारलं, "आज दिवसभरात शू किती वेळा झाली?" मला सांगता येईना. बायकोने सांगितलेला आकडाही अंदाजाचाच होता. "दूध किती काढलं हे तुम्ही दहा मिनिटं सांगताय," डॉक्टर म्हणाले, "शूचा हिशोब मात्र कुणाकडेच नाही." मुलगी तोवर माझ्या हातावर आ वासून झोपली होती. वजन जन्मापेक्षा ४०० ग्रॅमने वाढलेलं निघालं. आम्ही तसेच घरी आलो. औषध काही नव्हतं.

पहिल्यांदाच आईबाप झालेल्यांसाठी, त्या रात्री मला जे ठाऊक असायला हवं होतं ते क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही, सातपूरला कंपनीत आहे. पण दोन मुलांची मिळून दीडेक वर्ष दुपटी धुतली आहेत, आणि डॉक्टर जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यायची सवय त्या रात्रीपासून लागली.

आधी ठरवा : गुळणी की उलटी

दूध काढणं, म्हणजे गुळणी, आणि उलटी होणं या दोन वेगळ्या गोष्टी. गुळणीत दूध ओघळतं. बाळाला जोर लावावा लागत नाही, ढेकरेबरोबर किंवा कूस बदलताना ओठांच्या कडेने येतं आणि बाळ पुढच्या क्षणी पंख्याकडे बघत बसतं. उलटीत पोटाचे स्नायू आवळतात, बाळ कण्हतं, चेहरा लाल होतो, दूध जोराने बाहेर पडतं आणि नंतर बाळ मलूल दिसतं.

गुळणी का होते? अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचा एक अडसर असतो. मोठ्यांचा तो घट्ट बसतो, तान्ह्यांचा अजून ढिला असतो. त्यात बाळ दिवसभर आडवं, खाणं सगळं पातळ, आणि पोट एवढंसं. पहिल्या दिवशी पोटात जेमतेम ५ ते ७ मिलि मावतं, म्हणजे एक चहाचा चमचा. आठवड्याभराने ४५ ते ६० मिलि, महिन्याने साधारण ८० ते १५०. भरलेली कळशी हलवली की सांडते, तितकीच ही गोष्ट आहे. तीन महिन्यांच्या आतली जवळजवळ निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढतात. चौथ्या महिन्याच्या आसपास प्रमाण सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरत जातं.

फाटलेलं, दह्याच्या गुठळ्यांसारखं आलं की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, "आईचं दूध नासलंय." नासलेलं नसतं. जठरातल्या आम्लाने दूध फाटतं, तसं ते फाटायलाच हवं, पचन तिथूनच सुरू होतं. पाजल्या पाजल्या आलं तर पांढरं पातळ, अर्ध्या तासाने आलं तर दही. एवढाच फरक. पहिल्या चार-पाच दिवसांत पिवळसर आलं तर तो चीक असू शकतो.

या खुणा दिसल्या तर वाचत बसू नका, निघा

हिरवं आलं तर. पोपटी असो की शेवाळी, तान्ह्या बाळाच्या उलटीत हिरवा रंग म्हणजे पित्त, आणि आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते. यात "सकाळपर्यंत बघू" नाही. लगेच मोठ्या रुग्णालयात.

रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं तपकिरी आलं तर. आईच्या स्तनाग्राला चिरा पडल्या असतील तर दुधातून रक्ताची रेघ येऊ शकते, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

प्रत्येक वेळी पिचकारीसारखं, हातभर लांब उडत असेल तर. विशेषतः बाळ ३ ते ६ आठवड्यांचं असेल, उलटीनंतर लगेच पुन्हा भुकेने रडत असेल आणि वजन घटत असेल तर जठराचं पुढचं तोंड आवळल्याचा संशय असतो. हे मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतं. सोनोग्राफीत कळतं, आणि छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरं होतं. लपवण्यासारखं किंवा नवस बोलण्यासारखं त्यात काही नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पोट फुगून टणक, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, दूध ओढायची ताकद नाही, हलवलं तरी डोळे उघडत नाही, आठ तासांत लंगोट ओला नाही, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डे पडतात, ओठ निळसर : यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही.

नाशिककरांसाठी एक काम आजच करून ठेवा. तुमच्या घराजवळ रात्री बालरोगतज्ज्ञ कुठे भेटतो ते दिवसा चौकशी करून फ्रिजवर लिहून ठेवा. पाथर्डी फाट्यावरच्या माणसाचं उत्तर वेगळं, म्हसरूळच्या माणसाचं वेगळं. सरकारीत त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय आहे, तिथे आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष आहे. नाशिकरोडकडच्यांना महापालिकेचं बिटको रुग्णालय जवळ पडतं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. बाळ निपचित पडलं असेल तर रिक्षा शोधत उभं राहण्यापेक्षा आधी १०८ लावा.

चमचा, लंगोट, काटा

आता घाबरण्याचं माप. आमची आई फोनवर नात्यातल्या सगळ्यांना सांगायची, "प्यायलेलं सगळंच्या सगळं टाकते गं." मी एक प्रयोग केला, तुम्हीही करा. चहाच्या चमच्याने एक चमचा दूध कोरड्या सुती दुपट्यावर ओता. तळहाताएवढा डाग पडतो. दोन चमचे ओतले की वाटतं, वाटी सांडली. आईला तो डाग दाखवला तेव्हा ती पाच सेकंद गप्प बसली, आमच्या घरात हा विक्रम आहे.

मग लंगोट. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली तर दूध पोटात राहतंय. डायपर वापरत असाल तर मोजणं अवघड जातं, कारण तो कोरडाच वाटतो. हिशोब हवा त्या दिवशी सुती लंगोट घाला. आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रेघा मारायचो, दूधवाल्याच्या रतिबाच्या खाली बाळाच्या शूच्या रेघा. पाहुण्यांना मजा वाटायची.

आणि काटा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा दिवस ते दोन आठवड्यांत ते भरून निघतं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढ हवी. रोज वजन करू नका, वेड लागेल. आठवड्या-पंधरवड्याने, एकाच काट्यावर, कपडे काढून करा. आमच्याकडे एकदा एका काट्यावर स्वेटरसकट आणि दुसऱ्यावर नुसतं असं झालं आणि बाळ पाव किलोने घटलं म्हणून घरभर रडारड.

काटा विकत घ्यायची गरज नाही. अंगणवाडीत वजन होतं. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडेही वजनाची सोय असते. माता-बाल कार्डावर वाढीचा आलेख छापलेला असतो. त्यावर ठिपके मारून घ्या. रेघ वर जातेय, शू सहाच्या वर आहे, बाळ हसतंखेळतंय, तर ते दिवसातून आठ वेळा दूध काढत असलं तरी आजारी नाही.

पाजताना

बाळ टाहो फोडेपर्यंत थांबू नका. भुकेने रडरड रडलेलं बाळ हवा गिळतं, मग घाईघाईने पितं आणि तेवढ्याच घाईने परत देतं. मूठ चोखणं, मान इकडेतिकडे वळवून तोंड उघडणं, ही भुकेची आधीची हाक. तेव्हाच घ्या.

तोंडात नुसतं स्तनाग्र नको, भोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, डोकं, पाठ, कुल्ले एका रेषेत. चुटचुट आवाज येत असेल तर हवा जातेय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात सरकवून सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून सोडवू नका, आईच्या डोळ्यांत पाणी येतं.

काही आयांना सुरुवातीला दुधाची धार फार जोरात येते. बाळ ठसकतं, तोंड बाजूला घेतं. अशा वेळी आईने मागे रेलून बसावं आणि बाळ वरून लावावं. नाहीतर पहिली धार दुपट्यावर जाऊ द्यावी, मग पाजावं. माझ्या बायकोला हा उपाय तिच्या निफाडच्या मावशीने सांगितला. डॉक्टरांनी तोच महिन्याने सांगितला.

एका बाजूचं पुरतं पिऊन झालं की मध्ये एक ढेकर, मग दुसरी बाजू. बाळाने मान फिरवली की पुरे. "अजून दोन घोट" हा आग्रह पंगतीत शोभतो. दूध काढलं म्हणून लगेच पुन्हा भरही घालू नका. भूक असेल तर ते मागेल.

डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर डब्यावर लिहिलेलं मापच धरा, चमचा सपाट, वर ढीग नाही. घट्ट केलं म्हणजे पोटात टिकतं, हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे. बाटली फसफसून हलवल्यावर फेस बसू द्या. निपल दुधाने भरलेलं राहील एवढी बाटली तिरकी धरा. बाटली उपडी केल्यावर थेंब थेंब पडावं, धार लागली तर भोक मोठं आहे. उरलेलं दूध तासाभरानंतर ओतून द्या. गाईचं, म्हशीचं दूध वर्षाच्या आत नाही, गोठा घरचा असला तरी.

ढेकर हे बापाचं काम

आईने पाजलं की तिने पाणी प्यावं, पाठ टेकावी. पुढचा अर्धा तास आपला. माझ्या मते बापाला पहिल्या तीन महिन्यांत खरोखर करता येण्यासारखं हे सगळ्यात उपयोगी काम आहे, आणि शिकायला एक दिवस लागतो.

पहिली पद्धत खांद्याची. खांद्यावर दुपटं, पाठीमागे कमरेपर्यंत लोंबेल असं. दूध नेहमी दुपटं संपतं तिथेच पडतं हा माझा अनुभव आहे, म्हणून लांब घ्या. बाळाची हनुवटी खांद्याच्या वर, एक हात कुल्ल्याखाली, दुसरा पाठीवर. तळहात वाटीसारखा करून हलके थोपटा किंवा कमरेपासून वर चोळत न्या. ढोलकी नको.

दुसरी पद्धत मांडीवर बसवून. बाळ आडवं बसवा, एका हाताचा पंजा छातीवर, अंगठा आणि बोटांनी जबड्याला आधार, गळ्याला नाही. जरासं पुढे झुकवा, दुसऱ्या हाताने पाठ. आमच्या मुलाला हीच चालायची. खांद्यावर घेतलं की त्याचं पोट माझ्या खांद्यावर दाबलं जायचं आणि ढेकरेआधी दूध.

तिसरी पद्धत, मांडीवर पालथं घालून, डोकं किंचित वर. ही मी क्वचितच वापरली.

पाच मिनिटांत ढेकर आली नाही तर सोडून द्या. प्रत्येक पाजण्यानंतर ढेकर येतेच असं नाही, अंगावर पिणाऱ्या बाळांना तर कमीच लागते. पण ढेकर आली किंवा नाही, २० ते ३० मिनिटं बाळ उभं धरा. याला पर्याय मला सापडला नाही. बाल्कनीत फेऱ्या मारल्या, मोबाइलवर कंपनीचे मेल वाचले, एका हाताने चहा केला नाही, कारण बाळ हातात असताना गॅसजवळ जायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे. बाळाला बाउन्सरच्या झुलत्या खुर्चीत किंवा उशांना टेकून बसवणं म्हणजे उभं धरणं नव्हे. पोट दुमडतं आणि दूध उलट लवकर वर येतं.

या अर्ध्या तासात काय टाळायचं ते ओघाने आलंच : मालिश, अंघोळ, वर उडवणं, पाय पोटाशी दाबणं, कमरेला लंगोटाची घट्ट गाठ. नाशिकच्या थंडीत आपण बाळाला दुपट्यात पिळून गुंडाळतो. निफाडला पारा चार-पाचवर जातो, ते खरंय, पण गुंडाळी पोटावर सैल ठेवा आणि ऊब टोपडं, मोजे, जास्तीच्या थरातून द्या.

मालिशवाल्या मावशींशी वेळ बांधून घ्या. आमच्याकडे त्या कोवळं ऊन पडलं की नवाच्या सुमारास यायच्या आणि बायको बरोब्बर पावणेनऊला पाजायची, "म्हणजे अंघोळीनंतर गाढ झोपेल." रोज पाटावर दूध. मग क्रम उलटा केला : आधी मालिश, अंघोळ, मग पाजणं. निम्मी गुळणी तिथेच संपली. मावशींना आणखी दोन गोष्टी आदराने पण ठामपणे सांगा. बाळाला पाय धरून उलटं लटकवायचं नाही, आणि नाकात तेल सोडायचं नाही. तेल फुप्फुसात उतरलं तर दुखणं गुळणीपेक्षा फार मोठं.

झोपवताना पाठीवरच

इथे सगळ्या घरांत वाद होतो. सासूबाई म्हणाल्या, "उताणं झोपवलं आणि दूध आलं तर घशात अडकेल, कुशीवर घाल." भीती खरी वाटते. पण बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेल्या दुधाला श्वासात शिरायला चढ चढावा लागतो, शिवाय बाळ आपसूक गिळतं किंवा खोकतं. पालथं घातलं की हे उलटं होतं. झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही पालथ्या आणि कुशीवरच्या झोपेत जास्त असतो. म्हणून दूध काढणारं बाळही उताणंच, सपाट आणि टणक गादीवर.

डोक्याखाली उशी नको. मोहरीची उशीसुद्धा नको, डोकं गोल व्हावं म्हणून हौसेने शिवून आलेली असली तरी. पलंगाच्या पायाखाली विटा ठेवून उतार करायचा सल्लाही मिळेल. त्याने गुळणी थांबत नाही, बाळ मात्र घसरून पायथ्याशी गोळा होतं. झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते, तेव्हा पाजल्यावर झोळी नाही आणि रात्रभर तर नाहीच. पालथं घालायची हौस दिवसा, बाळ जागं असताना, आपण समोर बसून भागवावी. मानेला बळ येतं. पण तेही पाजून तासभर झाल्यावर.

नाकातून आलं तर

नाक आणि घसा आतून एकच आहेत, त्यामुळे येतं. बाळाला कुशीवर वळवा, तोंड खाली, ओघळू द्या, ओल्या मऊ कपड्याने पुसा. तोंडात बोट घालून काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं. नाकात फुंकर मारू नका. खोकतंय, रडतंय म्हणजे श्वास चालू आहे.

आवाजच फुटत नाही, निळं पडतंय, असं झालं तर एकाने १०८ लावायचा. दुसऱ्याने बाळाला हाताच्या कोपरापर्यंतच्या भागावर पालथं घ्यायचं, डोकं अंगापेक्षा खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके. मोकळं झालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाब. मग पुन्हा ठोके. बाळंतपणानंतर दवाखान्यातून सुटी मिळताना हे नर्सताईंकडून बाहुलीवर करून बघा, वाचून हात बसत नाही.

गुटी, मेडिकलचे थेंब आणि मिसळ

सहा महिने फक्त दूध. पाणीसुद्धा नाही, एप्रिलच्या उन्हातही नाही. गुटी उगाळून देणं आपल्याकडे मायेचं लक्षण मानतात, आणि वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांची पुरचुंडी प्रत्येक बाळंतविड्यासोबत येते. पण उगाळताना किती वेढे कुठल्या जोराने घेतले यावर मात्रा ठरते, आणि सहाणेवरून काय काय पोटात जातं ते सांगता येत नाही. जायफळाने बाळ झोपतं, पण ती गुंगी असते. मध वर्षाच्या आत चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंच्या विषाने तान्ह्याचे स्नायू लुळे पडू शकतात. ग्राइप वॉटरने गुळणी थांबत नाही, एवढंसं पोट मात्र भरतं.

आईला आम्ही सरळ नाही म्हटलं नाही. पुरचुंडी देवघरात ठेवली, आणि डॉक्टरांच्या पुढच्या खेपेला आईलाच सोबत नेलं. जे आमच्या तोंडून तिला शहाणपणा वाटायचं, ते डॉक्टरांच्या तोंडून तिने मान हलवत ऐकलं, आणि परतताना रिक्षात म्हणाली, "मी कुठे म्हटलं होतं गुटी द्या म्हणून?"

मेडिकलमधून "उलटीचे थेंब" स्वतःहून आणू नका. शेजारच्या बाळाला दिले होते, हे कारण पुरत नाही. यातल्या काही औषधांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो आणि मात्रा वजनावर ठरते. वाढत्या वजनाच्या, हसऱ्या बाळाला सहसा कुठलंच औषध लागत नाही.

आता मिसळ. बायकोने सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा काळ्या रश्श्याची मिसळ खाल्ली आणि त्या संध्याकाळी मुलीने तीनदा दूध काढलं. घराने निकाल दिला. खरं तर ती आदल्या दिवशी चारदा काढत होती, कॅलेंडरवर होतं. तिखटाने आईला जळजळ होईल, बाळाची गुळणी त्यावर ठरत नाही. आईने नीट, चौरस खावं. एक अपवाद लक्षात ठेवा : काही थोड्या बाळांना गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. शीमध्ये रक्त किंवा शेंबूड, अंगावर इसब, वजन अडलेलं, पिताना सतत किंचाळणं असं सगळं जोडीला असेल तर डॉक्टर आईला दूध-दही काही आठवडे बंद करायला सांगतात. मनाने बंद करू नका. बाळंतिणीचं दूध-तूप बंद करून तिलाच अशक्त केलेली घरं मी पाहिली आहेत.

शेगडीची धुरी बंद. सिगारेट, विडी घराबाहेर, आणि ओढून आलेल्याने बाळ लगेच घ्यायचं नाही. धुराने गुळणी वाढते आणि छातीही भरते.

धुणं

डझनभर सुती दुपटी लागतात. मेन रोडला नवीन मिळतातच, पण आजीचं जुनं धुवट लुगडं फाडून केलेल्याला तोड नाही. डाग आधी गार पाण्यात खळबळा, मग साबण. थेट गरम पाणी घातलं की दुधातलं प्रथिन कापडात पक्कं बसतं आणि आंबूस वास जात नाही. पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवा.

बाळाच्या गळ्याच्या वळ्या रोज उघडून ओल्या कपड्याने पुसा आणि कोरड्या करा. दूध तिथे साचून कातडी लाल होते, आणि "बाळाला घाण वास येतो" याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच निघतं. पावडर टाकू नका, चिखल होतो.

बारशाला येवल्याची पैठणी नेसून बाळ मांडीवर घेणाऱ्या आत्याला आधीच दुपटं द्या. आमच्याकडे दिलं नव्हतं. तो विषय अजून संपलेला नाही.

घराबाहेर

प्रवासाला निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी पाजा. कसारा घाटातून मुंबईला जाताना मध्ये थांबा, चालत्या गाडीत पाजू नका. लस घ्यायला जाल तेव्हाही हेच. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पोलिओ आणि रोटाचे थेंब तोंडाने देतात. थेंब दिल्या दिल्या बाळाने दूध काढलं तर तिथेच नर्सताईंना सांगा, परत द्यायचे का ते त्या ठरवतील. दुचाकीवर मांडीत बाळ घेऊन गतिरोधकांवरून जाणं, याबद्दल मी काय लिहू?

संपतं कधी

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ बसायला लागलं आणि उष्टावण होऊन घट्ट खाणं सुरू झालं की बराच फरक पडतो. आमच्याकडे सुरगाण्याहून येणाऱ्या नागलीच्या सत्त्वाने सुरुवात झाली. तेच सत्त्व "दूध घट्ट बसेल" म्हणून तिसऱ्या महिन्यात घालायचा सल्ला मिळाला होता, तो पाळू नका. वर्षाचं होईपर्यंत बहुतेक बाळांची गुळणी थांबलेली असते. सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाली, किंवा वर्ष उलटून गेलं तरी चालूच राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि दुपटी लगेच जुन्या कपड्यांत देऊन टाकू नका. गुळणी थांबते त्याच सुमारास दात येतात आणि लाळ सुरू होते.